एक बाप, कात्रीशिवाय

दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी लागली की रोज सकाळी सातच्या ठोक्याला आमच्याकडे फोन यायचा, आणि तो मीच घ्यायचा यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. नवरा आंघोळीला पळायचा. सासूबाईंना नेमकं तेव्हाच ऐकू येईनासं व्हायचं. पलीकडून ‘हॅलो’ नाही, ‘झोपमोड तर नाही ना केली’ नाही. थेट हुकूम.

“लिहून घ्या. करवंट्या दोन, घासून गुळगुळीत केलेल्या. पायजम्याची नाडी एक. पायजमा नको. झालं. ठेवा.”

मग एका शेगडीवर दूध, दुसऱ्या शेगडीवर पोळी आणि मी ओट्याशी उभी राहून करवंटी घासतेय. फोर्टातलं ऑफिस, वर्षअखेरीची कामं, वेळेत बस मिळाली नाही तर साहेबाचं तोंड बघायचं, हे सगळं मी त्या बाईंना किती वेळा सांगायला गेले. दोन वाक्यं झाली की त्या म्हणायच्या, “तीन मिनिटं झाली,” आणि फोन कट. तीन मिनिटं झालेलीच नसायची.

या बाई म्हणजे आमच्या सोहमच्या पाळणाघराच्या बाई. लालबागेत आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक जुनी चाळ होती, तिच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने. साठी उलटलेली, पण आजी म्हटलेलं खपायचं नाही. मुलांनी, मुलांच्या आईबापांनी आणि दूधवाल्यानेसुद्धा ‘बाई’च म्हणायचं. वडील गिरणीत होते, बाई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल लावून द्यायचे, मध्येच ‘तीन मिनिटं झाली’ म्हणून सांगायचं, आणि वेळ संपली की समोरचा जन्ममरणाची बातमी सांगत असला तरी लाइन तोडायची, असं सगळं आयुष्य काढलेलं. नोकरी संपली, ट्रंक कॉल संपले, बाईंची सवय काही संपली नाही. दारात मुलाला घ्यायला आलेल्या आया आपसात बोलत उभ्या राहिल्या की आतून आवाज यायचा, “लाइन मोकळी करा.”

एरवी वर्षभर त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. शाळा सुटली की मुलं तिथे जायची, वरणभात खायची, गृहपाठ करायची, संध्याकाळी आम्ही न्यायला यायचो. गल्लीतली दहा-बारा पोरं असायची, कोकणातली, घाटावरची, बाईंच्या नात्यागोत्यातली, सगळी एका पंगतीत. सहा डिसेंबरला तेवढं पाळणाघर बंद. त्या दिवशी बाई पांढरी साडी नेसून दादरला पाणी वाटायला उभ्या राहायच्या, आणि आम्ही मुलांना कुठे ठेवायचं ते आमचं आम्ही बघायचं. त्याबद्दलही माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते सुट्टीबद्दल. शाळा बंद झाली की पाळणाघर दिवसभर चालायचं, आणि दिवसभर मुलांना गुंतवायचं म्हणून बाई त्यांच्याकडून वस्तू करून घ्यायच्या. कंदील, तारे, पतंग, कासवं, बोटी, मुखवटे.

आता यात कुणाला वाटेल की वा, काय हौशी बाई. तर ऐका. बाईंना स्वतःला हस्तकलेतलं ओ की ठो येत नव्हतं. साधी गाठ मारली तरी सुटायची. कागद कापायला घेतला की कात्री कुठल्या दिशेला जाईल ते कात्रीलाच माहीत. एकदा मी धीर करून विचारलं, “बाई, तुम्ही एक नमुना करून का नाही दाखवत मुलांना?”

“मला येत नाही,” त्या म्हणाल्या.

“मग मुलांना कसं येणार?”

“मला येत नाही म्हणूनच तर त्यांना करावं लागतं.”

मी पुढे काही बोलले असते, पण माझी तीन मिनिटं झाली होती.

दुसरी गोष्ट, विकत आणलेलं काहीही चालायचं नाही. एका डिसेंबरात मी दादरहून स्नोमॅनचं एक किट आणलं, चांगलं महागातलं. बाईंनी ते उघडून बघितलं. फोमचे पांढरे गोळे, नारिंगी नाक, काळी टोपी, सगळं कापून तयार.

“यात मुलांनी काय करायचं?”

“चिकटवायचं.”

“कुठे चिकटवायचं तेपण छापलंय.”

“हो ना, म्हणजे चुकत नाही.”

“मग हे पोराचं नाही. कंपनीचं आहे,” म्हणत त्यांनी स्नोमॅनचे अवयव माझ्या हातात ठेवले आणि रिकामं खोकं आत नेलं. “खोकं मात्र चांगलं आणलंत हो.” त्या खोक्याची संध्याकाळपर्यंत रेवसला जाणारी लाँच झाली होती. नाक, टोपी आणि गोळे पर्समध्ये घेऊन मी ऑफिसला गेले.

बर्फाचं खूळ शाळेचंच. डिसेंबर आला की शाळेतून सूचना येते, ‘विंटर क्राफ्ट करून आणा.’ आमच्या घरी पंखा चारवर असतो, सासूबाई पदराने वारा घेत असतात, आणि दुसरीतलं पोर विचारतं, आई, बर्फ कशाचा करू? सोहमने तेच बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, कापसाचा. मग कुणीतरी विचारलं, कापूस कुठे मिळतो? साध्या माणसाने सांगितलं असतं, केमिस्टकडे. बाईंनी सगळी वरात बसमध्ये घातली आणि कॉटन ग्रीनला नेली. का, तर लहानपणी त्यांनी तिथे कापसाच्या गासड्या बघितल्या होत्या.

दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. “तुमचा मुलगा सुखरूप आहे. आम्ही कॉटन ग्रीनला आहोत. कापूस नाही. ठेवा.”

परत फोन लावला तर उचलेना कोण! मी अर्धा दिवस टाकून धावत आले, तर सगळी पोरं काळ्या तोंडाने, दात काढत गल्लीत शिरत होती. कापूस मिळाला नव्हता, पण एका गोदामाच्या चौकीदाराने फाटकी गोणपाटं दिली होती. त्यातला ताग उसवून पोरांनी सँटा केले. सगळ्यांच्या दाढ्या तपकिरी. शाळेत टीचरनी सोहमला विचारलं, सँटाची दाढी पांढरी हवी ना? सोहम म्हणाला, “हा गोदीत कामाला होता.” टीचरनी मला बोलावून घेतलं. आणखी एक अर्धा दिवस.

हे केलेलं सगळं घरात मांडायचं, हीसुद्धा सक्ती. नुसती सांगून नव्हे. बाई तपासायला यायच्या. रविवारी बेल वाजायची, दारात बाई. चहा नको, पाणी नको, थेट दिवाणखान्यात. एकदा करवंटीचं कासव त्यांना वॉशिंग मशीनमागे सापडलं. त्यांनी ते उचललं, आमच्या लग्नाचा फोटो थोडा सरकवला आणि त्याच्याशेजारी कासव ठेवलं. “इथे दिसतं,” म्हणाल्या, आणि गेल्या. ते कासव पुढे कितीतरी महिने तिथे होतं, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी कासवाबद्दल विचारायचा. माझं डोकं फिरायचं. सासूबाई मात्र बाईंच्या बाजूच्या. त्या म्हणायच्या, “ही बाय खुळी आसा, पण पोरगो तिच्याकडसून रडत येणा नाय.” ते खरं होतं, म्हणून आणखी राग यायचा.

आणि कामट्या! बांबूच्या कामट्यांचा एक जुडगा प्रत्येक मुलाला दिवाळीच्या सुट्टीत मिळायचा, तो वर्षभर पुरवायचा. दिवाळीला त्यांचा कंदील करायचा. नाताळ आला की कागद फाडायचा, दोरे सोडायचे आणि त्याच कामट्यांचा तारा. संक्रांतीला तारा मोडून पतंग. तो पतंग आजवर एकाचाही उडालेला नाही, पण ते असो. वैशाखात बुद्धपौर्णिमेला परत कंदील. चिकटवायला घरची खळ, म्हणजे कणीक शिजवून केलेली, म्हणजे घरात झुरळांची जत्रा. कामटी हरवली तर नवी मिळायची नाही. “आहे त्यात करा,” एवढंच. त्यामुळे वर्ष सरता सरता पोरांच्या ताऱ्यांचे कोन कमी होत जायचे.

आता आमच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो तसा कुरिअर कंपनीच्या ऑफिसात काम करतो, पण ते पोटापुरतं. खरा तो गणपतीच्या मंडळात असतो. सजावट विभाग. लालबाग-परळात दर तिसरा पुरुष स्वतःला कलादिग्दर्शक समजतो, पण आमच्याला मंडळवालेही तसंच समजतात. पुठ्ठ्याचे राजवाडे उभारतो, पुठ्ठ्याचे आहेत हे हात लावल्याशिवाय कळत नाही. सणावारी हॉटेलात गेलो तरी याचं लक्ष जेवणात नाही. छताची झालर वाकडी आहे म्हणून घास अडतो. अशा माणसाच्या घरात ते कासव लग्नाच्या फोटोशेजारी बसलेलं. त्याची काय अवस्था होत असेल ती मी बघत होते.

त्या वर्षी दिवाळीत सोहमने कंदील केला. एका बाजूने फुगलेला, एका बाजूने पोट आत गेलेला, झिरमिळ्या तीन आखूड आणि एक जमिनीपर्यंत. सासूबाईंनी बघून विचारलं, “ह्यो कंदील की कुर्ली रे?” कुर्ली म्हणजे त्यांच्याकडचा खेकडा. सोहम म्हणाला, “कुर्लीचा कंदील.” आणि स्वतःच खूश होऊन गेला. तो जेवून झोपला तेव्हा कंदील खुर्चीवर होता. सकाळी उठला तर बाल्कनीत एक दृष्ट लागण्यासारखा कंदील झुलत होता. कामट्या त्याच, पण तासून, मापात बांधलेल्या. वर नवा केशरी कागद, सोनेरी किनार, आतून दिव्यांची माळ. नवरा त्याच्याखाली हाताची घडी घालून उभा.

“जरा सरळ केला, बस,” तो म्हणाला.

बिल्डिंगमध्ये कंदिलांची स्पर्धा होती, लहान मुलांसाठी. पहिला नंबर कुणाचा आला ते सांगायला नको. खाली मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या, सेक्रेटरींनी सोहमला स्टेजवर बोलावलं, रंगांची मोठी पेटी दिली आणि माइक त्याच्यापुढे धरला. “शाब्बास! आता सगळ्यांना सांग बघू, एवढा सुंदर कंदील तू कसा केलास?”

सोहमने कंदिलाकडे बघितलं. मग खाली पहिल्या रांगेत बापाकडे बघितलं. बाप हाताने खुणा करत होता, बोल, बोल.

“मी झोपलो होतो,” सोहम म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. काय निरागस आहे हो पोरगं, म्हणाले. टाळ्या पडल्या. नवराही हसला. सोहम काही हसला नाही.

रंगांची ती पेटी त्याने कपाटावर ठेवून दिली आणि उघडली नाही. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. मग शाळेतून चित्र काढून आणायला सांगितलं तेव्हा कोरा कागद टेबलावर ठेवून हा टीव्ही बघत बसला. काय रे, चित्र? “पप्पा आला की काढेल.” वहीला कव्हर घालायचं होतं, “पप्पा घालेल.” दिवाळीपर्यंत ज्या पोराने आमचं घर करवंट्या, गोणपाटं आणि झुरळांनी भरून टाकलं होतं, ते आता हात मांडीवर घेऊन बसायला लागलं. घर स्वच्छ राहायला लागलं. वॉशिंग मशीनमागे काही सापडेना. मी इतकी वर्षं हेच मागत होते, आणि आता ते मिळालं तर रोज वाकून मशीनमागे बघत होते. आठ वर्षांच्या मुलाला कळून चुकलं होतं की आपण केलेलं चांगलं नसतं, आणि चांगलं करणारा घरातच आहे. एकदा हे डोक्यात बसलं की ते काढायचं कसं?

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, “अगं, बघून बघून शिकेल. मीही असाच शिकलो.” सासूबाई गावाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी दोन शब्द सुनावले असते.

नाताळची सुट्टी लागली. पोरं आपापले दिवाळीचे कंदील घेऊन पाळणाघरात गेली, ते मोडून तारे करायला. सोहमने तो बक्षीसवाला कंदील नेला. संध्याकाळी घ्यायला गेले तर बाकीच्यांच्या ताऱ्यांचे सांगाडे इकडेतिकडे लटकलेले आणि आमचा कंदील होता तसा, भिंतीला टेकवलेला. सोहम त्याच्याशेजारी बसलेला.

बाईंनी मला दारातच गाठलं. बाई दारात येऊन बोलतात, हेच मी पहिल्यांदा बघत होते.

“हा कंदील कोणाचा?”

मी सांगितलं. स्पर्धेचं, माइकचं, ‘मी झोपलो होतो’चं. मला वाटलं आता तीन मिनिटं होतील. झाली असावीत, चार झाली, पाच झाली. बाईंनी तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं, “बरं,” म्हणाल्या. मला भलतीच धास्ती वाटली. हिने जर सांगितलं असतं की उद्यापासून तुमचा मुलगा नको, तर वर्षअखेरीला मी त्याला घेऊन कुठे जाणार होते?

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी सातला फोन.

“लिहून घ्या. एक बाप. उद्या रविवारी सकाळी दहाला. कात्रीशिवाय. ठेवा.”

नवरा उसळलाच. “मी काय बालवाडीत जाऊन बसू? मंडळात चाळीस पोरं माझ्या शब्दावर काम करतात! आणि त्या बाईला साधी गाठ मारता येत नाही, ती मला काय शिकवणार?” दिवसभर घरात पाय आपटत फिरला. पण सोमवारपासून पोराला सांभाळणार कोण, एवढंच मी विचारलं. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून गेला, जसा काही परीक्षक म्हणून बोलावलंय. डबा पोचवायचं निमित्त काढून मीही मागोमाग गेले.

बाईंनी दारातच त्याच्या खिशाकडे बोट केलं. “कात्री नको म्हटलं होतं.”

“कात्री नाहीये. कटर आहे.”

“बाहेर चपलांपाशी ठेवा.”

आत रविवार असूनही सगळी पोरं आलेली. कामट्या, खळीचं पातेलं, जुनी वर्तमानपत्रं. सोहम कोपऱ्यात, त्याच्या मांडीशी तो देखणा कंदील. नवरा लगेच सरसावला. “चल रे, हा उकलू या. आधी हे दोन दोरे...”

“तुम्ही इथे बसा,” बाई म्हणाल्या. “हात पुढे. असे नाही, तळवे समोरासमोर.” त्यांनी सुतळीची एक भली मोठी लडी आणली आणि त्याच्या दोन्ही मनगटांत अडकवली. “ताणून धरा. सैल सोडलंत तर गुंता होईल, आणि गुंता तुम्ही सोडवायचा. पोरांना लागेल तशी ती तोडून नेतील.”

नवऱ्याला वाटलं पाच मिनिटांचं काम असेल. त्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेसुद्धा. पोरं एकेक करून येत होती, सुतळी ओढत होती, दातांनी तोडत होती आणि जात होती. लडी काही संपेना. हा दोन्ही हात पुढे करून बसलेला, नाकावर माशी बसली तरी उडवता येईना. आणि समोर काय चाललंय, तर एक पोरगी कामटीला मधोमध गाठ मारतेय, दुसरा खळ कागदाच्या चुकीच्या बाजूला थापतोय.

“अगं, टोकाला बांध, टोकाला! मधे बांधून काय...”

“तीन मिनिटं झाली,” बाई खिडकीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. त्या मटार सोलत होत्या.

बराच वेळ सोहम हलला नाही. मग त्याने बापाच्या हातांकडे बघितलं. परत बघितलं. ते अडकलेलेच होते. त्याने हळूच कंदिलाचा एक कोपरा फाडला आणि चटकन बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या केशरी कागदाचा टरकन आवाज झाला तेव्हा नवऱ्याचा चेहरा मी पाहिला, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली. मग सोहमने सगळा कागद फाडला, माळ काढून बाजूला ठेवली, आणि कामट्या सोडवायला घेतल्या. बापाने बांधलेल्या गाठी त्या, सुटतात कसल्या! ओढाताणीत एक कामटी मोडली.

“थांब, मी...” नवरा उठायला लागला आणि सुतळी सैल झाली.

“पप्पा, तू हलू नको!” सोहम ओरडला. “गुंता होईल ना!”

नवरा खाली बसला. सोहम आला, बापाच्या हातांतली सुतळी हवी तेवढी ओढली, तोडायला गेला, तुटेना. त्याने बापाच्या मनगटाला धरून जोर लावला आणि दातांनी तोडली. परत आला. परत गेला. गाठ सुटली, पुन्हा मारली. एक बाजू लांब झाली, ती वाकवून आत बांधली. मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, कुणी काही बोलू नका, देवा, कुणी आता काही बोलू नका.

दुपारी तारा झाला. चार कोनांचा. एक कोन लांब नाकासारखा बाहेर आलेला.

“पाच हवे ना रे?” नवऱ्याच्या तोंडून निघूनच गेलं.

“कामटी मोडली. हा चारचा आहे,” सोहम म्हणाला, आणि खळीचे हात चड्डीला पुसले.

बाईंनी ताऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या हातांतून उरलेली लडी काढून घेतली आणि म्हणाल्या, “जा आता. मला जेवायचंय.” मला इतकं भरून आलं होतं की मी त्यांचे हात धरले आणि बोलायला लागले. बाई, तुम्ही आज माझ्या मुलाला...

“वेळ संपली,” त्यांनी हात सोडवून घेतले आणि दार लावलं. साधे आभारही मानू देईना ही बाई! मी रस्त्यातच पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराआड त्यांना दोन शिव्या घातल्या.

आता ती चाळ रिकामी झालीय, सगळे पांगलेत. बाई वडाळ्याला बहिणीच्या मुलाकडे राहतात. गेल्या महिन्यात फोन केला, तब्येत विचारली. “बरी आहे. अजून काही? नाही? ठेवा.” सोहम आता मोठा झालाय, त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, वायरी, मोटारी, सोलून ठेवलेला जुना रेडिओ. रोज ओरडते मी.

तर त्या रविवारी आम्ही तिघं घरी निघालो. सोहमने तारा दोन्ही हातांत धरलेला, नवऱ्याला हात लावायची बंदी. लिफ्टमध्ये मंडळाचे अण्णा भेटले. हे अण्णा म्हणजे सजावट विभागात नवऱ्याचे गुरू. त्यांनी तारा वरून खाली बघितला.

“काय रे, हा काय प्रकार? तुझ्या घरात असा तारा?”

नवऱ्याने तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं. ‘अजून काम बाकी आहे’ तरी, नाहीतर ‘पोरगा लहान आहे, शिकेल’ तरी. मी डोळे मिटून घेतले. काहीच आलं नाही. डोळे उघडून बघते तर त्याने तोंड परत बंद केलं होतं आणि तो सोहमकडे बघत होता.

“मी केला,” सोहम म्हणाला. “पप्पाने सुतळी धरली होती.”

अण्णांनी नवऱ्याच्या मनगटांकडे पाहिलं. लाल वळ उठले होते.

घरी आल्यावर नवऱ्याने स्टूल बाल्कनीत नेलं आणि त्यावर चढला. “दे इकडे. कुठे लावायचा?”

“मी सांगतो. तू नुसता वर धर.” सोहम आत गेला, दिवाणखान्यातून बघितलं, मग दारातून बघितलं. “डावीकडे. नाही, जास्त झालं. आता तिथेच थांब, मी खालून बघून येतो.” आणि तो लिफ्टकडे पळाला.

आम्ही अठराव्या मजल्यावर राहतो. नवरा स्टुलावर उभा होता, हात वर, हातात तो चार कोनांचा तारा, नाक रस्त्याकडे. मी म्हटलं, ठेव खाली तो येईपर्यंत, हात दुखतील.

“नको,” तो म्हणाला. “तो खालून बघतोय.”